उजवीकडची आठ अक्षरं

त्यांना कुणी "बसा" म्हटलं तर ते बसत नसत. आधी विचारत, "बसलो तर काय, आणि नाही बसलो तर काय?" दोन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. माझ्या दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी सांगितलं, बसलात तर स्टुलाचा एक पाय मोडका आहे, नाही बसलात तर वरची फळी डोक्याला लागते. ते मान वाकवून उभे राहिले. पुढे इतकी वर्षं येत होते, तसेच मान वाकवून उभे राहत. त्या वर्षांत मी फळी वर सरकवली नाही आणि त्यांनी तक्रार केली नाही.

मी बाइंडर. शुक्रवार पेठेतल्या बोळात दुकान, अब्बांच्या हातचं. शाळा तिसरीपर्यंत. मराठी वाचायला शिकलो ते बांधायला आलेल्या पुस्तकांवर, उर्दू घरात. इंग्रजी येत नाही, पण इंग्रजी अक्षरं सव्वीसच्या सव्वीस येतात, कारण पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी नाव उठवायचं तर ठसे उलटे जुळवावे लागतात. शिकलेली माणसं सुलटी अक्षरं वाचतात. मी दोन्हीकडून वाचतो.

ते, म्हणजे साहेब, मी तसंच म्हणायचो, सदाशिव पेठेत राहायचे आणि पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला होते. तिथं कॉम्प्युटर आला होता, एका खोलीएवढा. कॉम्प्युटरला थंड हवेचं यंत्र होतं, साहेबांना टेबलफॅन. पंपाचा कुठला भाग कुठल्या आठवड्यात किती घडवायचा हे त्या मशीनने सांगायचं, आणि ते कसं काढायचं हे मशीनला साहेबांनी लिहून द्यायचं. त्या लिहिण्याला प्रोग्राम म्हणतात. वर्षातून एकदा ते सगळा प्रोग्राम कागदावर छापून घेत, जुन्या चादरीत गाठोडं बांधत आणि माझ्याकडे घेऊन येत. कारखान्याने असलं पुस्तक मागितलं नव्हतं. पण साहेबांचं म्हणणं, जे बांधलं नाही ते लिहिलं नाही. हे म्हणणं मला पटलं. या एका वाक्यावर मी त्यांचं बाकी सगळं चालवून घेतलं.

बांधलेलं पुस्तक ते घरी नेत नसत, कचेरीतल्या कपाटात ठेवून देत आणि पुन्हा उघडत नसत. मी एकदा विचारलं, कधी चाळून तरी बघता का. तेव्हा म्हणाले, "लिहिलेलं मी परत वाचत नाही. परत वाचणारा माणूस स्वतःवर संशय घेतो."

त्यांच्या लिखाणात भाज्या फार. पानं लावताना नजर पडतेच, आणि अक्षरं इंग्रजी पण ओळखीची, म्हणून मी जुळवून पाहिलं तर निघालं कांदा. खाली दोडका. त्याच्या खाली, भेंडी बरोबर दोडका भागिले कांदा. मला वाटलं, कुणाच्या खानावळीचे कागद यात मिसळले. साहेबांनी समजावलं. प्रत्येक आकड्याला एक नाव द्यावं लागतं आणि ते सहा अक्षरांत बसवावं लागतं. माणसांची नावं दिली तर माणसं भांडायला येतात. देवांची दिली तर चूक झाल्यावर शिवी देता येत नाही. भाजीला सगळं चालतं. त्यातही मशीनचा एक नियम होता. क, ल, म, न असल्या काही अक्षरांनी नाव सुरू झालं की मशीन तो आकडा अख्खाच धरतं, तुकडे करत नाही. म्हणून कांदा, लसूण, मुळा, नारळ हे अख्खे आकडे. भेंडी, दोडका, पडवळ यांचे तुकडे चालतात.

"अर्धा कांदा मशीनला समजत नाही," ते म्हणाले. "अर्धी भेंडी समजते."

मी म्हटलं, आमच्या घरी उलटं आहे. त्यावर ते बराच वेळ विचार करत राहिले. हसले नाहीत.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की प्रोग्राममध्ये ज्या भाजीवर काम अडलं ती भाजी घरात बंद. एकदा दोन महिने मुळा आला नाही, कारण मुळ्याचं उत्तर उणे सात येत होतं. पंपाचे भाग उणे सात कसे घडवायचे हे कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या दिवशी चूक सापडली त्या दिवशी साहेब स्वतः मंडईत गेले आणि मुळ्याच्या चार जुड्या घेऊन आले. खाल्ला त्यांनी एकट्यानेच.

प्रोग्राम सरळ वरून खाली जात नसे. दर आठ-दहा ओळींनी हुकूम असे, अमक्या ओळीवर जा. तिथं गेलं की दुसरा हुकूम, तमक्यावर जा. कचेरीतल्या कुणी विचारलं म्हणे, जरा सरळ का लिहीत नाही. साहेब म्हणाले, "मी सदाशिव पेठेत राहतो. सरळ जाऊन आजवर कुठं पोचलोय?"

त्यांच्या मशीनच्या भाषेचं नाव फोर्ट्रान. पुढे पुढे दर दोन वर्षांनी नवी भाषा येऊ लागली आणि तरुण मंडळी जुनीला नावं ठेवू लागली. साहेब चिडत नसत. म्हणत, "भाषा बदलली की चूक जात नाही, चुकीचा पत्ता बदलतो." मी म्हटलं, मी मराठी, इंग्रजी, उर्दू, मोडी सगळं बांधतो, बाइंडरला भाषा एकच, कागद जाड की पातळ. हे त्यांना एवढं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझं वाक्य लिहून घेणारा तो पहिला आणि शेवटचा माणूस.

पहिल्याच खेपेला त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. गाठोडं सोडून एक पान समोर धरलं. एका ओळीत ऐंशी अक्षरं मावतात, म्हणाले. मशीन बहात्तर वाचतं. पुढची आठ वाचत नाही, तिथं काहीही लिहा.

"मग तिथं काय लिहिता?"

"माणसांसाठी लिहितो."

पानाच्या उजव्या कडेला, मुख्य मजकुरापासून सुटा, आठ अक्षरांचा एक बारीक खांब वरून खाली उतरत होता. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. कांदा म्हणजे काय, अमक्या ओळीवर का जायचं, कोणत्या ठिकाणी हात लावला तर काय कोसळेल, सगळं त्यात. वरून खाली वाचत जायचं. त्या काळी एक ओळ म्हणजे जाड कागदाचं एक कार्ड असे, आणि खुलाशासाठी अख्खं वेगळं कार्ड खर्चणं साहेबांच्या स्वभावात नव्हतं. रिकामी जागा पडलीय तर वापरावी.

"तेव्हा उजव्या कडेला सुरी लावू नका," ते म्हणाले.

माझ्या शिकंज्यात त्या वेळी एक उर्दू पुस्तक आवळलेलं होतं. त्यांनी निरखून पाहिलं. "हे उजवीकडून उघडतं ना?"

"हो."

"मग उजवी बाजू सांभाळायला तुम्हाला शिकवायला नको."

मी मान हलवली. ते ती मान धरून चालले.

आता खरं ते लिहितो. मी कापलं. तो कागद दोन्ही कडांना भोकं पाडलेला येई, भोकांची पट्टी फाडली की कड केसाळ व्हायची. तशी कड घेऊन माझ्या दुकानातून पुस्तक बाहेर पडलं असतं तर अब्बा कबरीत उठून बसले असते. शिवाय पुठ्ठे मी एका मापाचे आधीच कापून ठेवलेले. त्या मापात बसवायचं तर उजवीकडून अंगठाभर जायला हवं होतं. गिऱ्हाइकाला काय कळतं बांधणीतलं, असं मनात म्हटलं आणि पातं खाली घेतलं. कड आरशासारखी आली. साहेब घ्यायला आले, पाठीवरचं सोनेरी नाव तेवढं पाहिलं, "सुंदर" म्हणाले आणि काखेत मारून गेले. उघडलं नाही. मग दर वर्षी कापत गेलो. नऊ पुस्तकं.

साहेब निवृत्त झाले. कारखान्यात नवं मशीन आलं, टेबलावर मावणारं. जुन्या कार्डांवरचा प्रोग्राम त्यात उतरवून घेतला, तोही बहात्तर अक्षरांपर्यंतच, कारण पुढचं मशीनला लागत नाही. कार्डं रद्दीत गेली. म्हणजे त्यांनीही नेमकं तिथंच कापलं, जिथं मी. वर्षभराने पंपाच्या एका भागात बदल करायची वेळ आली आणि नव्या पोरांनी प्रोग्राम उघडला. पाहतात तो कांदा, लसूण, मुळा. साहेबांना बोलावणं गेलं.

साहेब गेले आणि म्हणाले, सगळं उजवीकडे लिहिलंय. पोरांनी पडद्यावर पाहिलं, उजवीकडे काही नाही. साहेब म्हणाले, कपाटातली पुस्तकं काढा. काढली. उजवीकडे काही नाही. वरच्या अधिकाऱ्याने चारचौघांत सांगितलं, तुम्ही मुद्दाम असं लिहून ठेवलंत, म्हणजे आम्हाला कायम तुमच्याकडे यावं लागेल. साहेब तेच बोलत राहिले. मग तो अधिकारी आवाज बारीक करून म्हणाला, "काका, या वयात आठवणीत गल्लत होते."

हे मला साहेबांनी सांगितलं नाही. ते दुकानात आले तेव्हा त्यांच्याबरोबर कचेरीतला एक चष्मेवाला तरुण होता, त्याने सांगितलं. साहेबांनी फक्त एक पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवलं, उघडलं, आणि उजव्या कडेवरून बोट फिरवलं.

"इथं होतं ना?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. पैकी एक कॉलेजचे ग्रंथपाल, माझ्या कामाची तारीफ करत उभे. मी पुस्तक हातात घेतलं, कड पाहिली, आणि म्हणालो, "माझ्या दुकानातून कागद कमी होऊन जात नाही."

साहेबांनी मान हलवली. या खेपेला त्यांची मान हलली आणि मी ती धरून चाललो. चष्मेवाल्याने त्यांचा दंड हलकेच धरला, जसा म्हाताऱ्या माणसाचा धरतात, आणि दोघं गेले. जाताना फळी त्यांच्या डोक्याला लागली. मान वाकवायची ते विसरले होते.

पंधरा दिवसांनी वहिनी आल्या. त्यांना काही बांधायचं नव्हतं. म्हणाल्या, हे कुलूप लावतात, जिना उतरतात, आणि परत वर येऊन कुलूप ओढून बघतात. पोस्टकार्ड लिहितात ते तीनदा वाचतात आणि टाकतच नाहीत. काल विचारत होते, मी लिहिलं होतं ना गं?

"तुमच्याकडे छापलेलं आलं होतं ना भाई, तुम्ही पाहिलं असेल. त्यांना एकदा सांगा की काहीतरी होतं. नसलं तरी सांगा."

नसलं तरी सांगा. हे ऐकायला मी तिसरीपर्यंत तरी कशाला शिकलो, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता सदाशिव पेठेत गेलो. साहेब खिडकीपाशी बसले होते, पुढ्यात कोरी वही. मी उभ्यानेच सांगितलं.

"उजवीकडे होतं. मी कापलं."

"किती?"

"अंगठाभर."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

त्यांनी वही मिटली. "म्हणजे मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतं."

मला वाटलं, आता ओरडतील. माझी तयारी होती. उलट उत्तर द्यायचीही तयारी होती, कागदाच्या केसाळ कडेबद्दल. ते म्हणाले, "बसा."

मी म्हटलं, "बसलो तर काय, आणि नाही बसलो तर काय?"

"बसलात तर चहा. नाही बसलात तरी चहा."

बसलो. चहा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, कापलेल्या पट्ट्यांचं काय केलं. मी म्हटलं, चांगला चिवट कागद होता, टाकवला नाही. पुस्तकाच्या पाठीला सरस लावला की त्यावर कागदाची पट्टी बसवावी लागते, मग कापड. तिथं वापरला.

"म्हणजे पुस्तकांच्या पाठीत आहे."

"हो."

"कुणाच्या पुस्तकांच्या?"

"पुण्याच्या," मी म्हणालो.

कुठलं पुस्तक कधी बांधलं ते मला पाठ असतं, त्यासाठी वही लागत नाही. मी निघालो. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, एक गाण्याचा क्लास, दोन शाळांची हजेरीपत्रकं, ते ग्रंथपालसुद्धा. प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगितलं, त्या वर्षी माझी खळ खराब निघाली होती, पाठ पुन्हा करून देतो. खळ खराब नव्हती. माझी खळ कधीही खराब नसते. ग्रंथपाल म्हणाले, वाटलं नव्हतं तुमच्याकडून. मी ऐकून घेतलं. धायरीला भजनी मंडळाची वही होती, तिथल्या म्हाताऱ्याने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"पाठ तर घट्ट हाय की ओ."

"आतून सैल आहे."

"आतलं तुमाला बाहेरनं कसं दिसलं?"

 मी वही काखेत मारली आणि घेऊन आलो.

कोमट पाण्याचं फडकं ठेवलं की सरस सुटतो. पट्ट्या सोडवायच्या, वाळवायच्या, आणि साहेबांनी त्या क्रमाने लावायच्या. ते रोज येत, मान वाकवून उभे राहत. चार दिवसांनी मी फळी वर सरकवली. त्यांनी वर पाहिलं आणि सवयीने वाकलेलेच राहिले. नऊ पुस्तकांपैकी पाचांच्या पट्ट्या हाती लागल्या. वाचून मी दाखवायचो. इंग्रजी जाणणारी माणसं त्या पट्ट्या बघून गोंधळतात, कारण शब्द मध्येच तुटतो आणि अर्थ इंग्रजी निघत नाही. मला इंग्रजी येत नसल्यामुळे अडचण आली नाही.

मग साहेब त्या पट्ट्या घेऊन कारखान्यात गेले, मला बरोबर नेलं. पट्ट्या खऱ्या पण वाचायच्या कुणी, असं त्या अधिकाऱ्याचं म्हणणं पडलं. मी वाचल्या. कांदा म्हणजे पंपाचं झाकण. लसूण म्हणजे झाकणाचे स्क्रू. अमक्या ओळीवरून तमक्या ओळीवर जायचं कारण मध्ये दिवाळीची सुट्टी येते. चष्मेवाला भराभर लिहून घेत होता. एके ठिकाणी त्याने थांबवलं. दोडक्याला दोनने गुणलंय, ते का? मी पट्टी खाली सरकवली आणि वाचलं : "दोनने का गुणलं ते आता आठवत नाही. काढू नये. काढून पाहिलं आहे."

 मग तो अधिकारी म्हणाला, "काका, सगळं लिहिलंय की."

"तेच म्हणत होतो," साहेब म्हणाले आणि उठले. त्या दिवशी घराला कुलूप लावून ते परत वर गेले नाहीत, असं वहिनींनी मुद्दाम निरोप पाठवून कळवलं.

एक पुस्तक मी उघडायचं टाळलं होतं. अब्बांची नुस्ख्यांची वही, खळीत मोरचूद किती, कापड कोणत्या हवेत ताणायचं, असलं सगळं उर्दूत. साहेबांच्या दुसऱ्या वर्षीच्या कागदातून पट्टी काढून मी ती बांधली होती. माझ्या हातची सगळ्यात देखणी बांधणी. तिची पाठ सोडवायला हात होईना. शेवटी एका शुक्रवारी नमाजानंतर सोडवली.

पट्टी निघाली, मी वाचली. पुन्हा वाचली. मग ती तशीच ओली साहेबांकडे घेऊन गेलो आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून मलाच वाचावी लागली.

"हा प्रोग्राम बांधायला दिला आहे. उजवीकडे कापू नको असे सांगितले आहे. बाइंडर हट्टी आहे. पण शब्दाचा पक्का."

साहेबांनी पट्टी हातात घेतली. 

"ही ओळ चुकलीय," ते म्हणाले. "दुरुस्त करावी लागेल."

मी म्हटलं, करा.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, टोक पाहिलं, आणि पेन्सिल परत खिशात ठेवली.

"राहू दे," म्हणाले. "लिहिलेलं मी परत वाचत नाही."